उकिरड्याचे अर्थकारण

आषाढ उतरणीला लागला की साकोली तालुक्यातील बांध्यांत धानाची रोवणी सुरू असते आणि त्याच दिवसांत कृषी केंद्रांसमोर युरियाच्या गोण्यांसाठी रांगा लागतात. ४५ किलोंच्या गोणीची सरकारने ठरविलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. हंगामात ती त्या किमतीला मिळेलच असे नाही. मिळाली तरी तिच्यासोबत नको असलेले दुसरे एखादे खत गळ्यात बांधले जाते, ही तक्रार विदर्भात दरवर्षी ऐकू येते. या रांगेची बातमी होते, निवेदने दिली जातात, तहसीलवर मोर्चा जातो. परंतु याच दिवसांत गावाच्या वेशीवरील उघडे उकिरडे पावसात भिजत असतात आणि त्यांचा काळा अर्क ओघळून नाल्याला मिळत असतो. त्याची बातमी होत नाही. रांगेत उभा असलेला माणूस आणि त्या उकिरड्याचा धनी पुष्कळदा एकच असतो. तो अडाणी आहे, असे अधिकाऱ्यांच्या भाषणांतून सुचविले जाते. तो अडाणी नाही. तो असे का वागतो याचे उत्तर काही अंशी मातीत आहे, आणि फार मोठ्या अंशी जमिनीच्या व कचऱ्याच्या मालकीत आहे.

प्रथम माती. महाराष्ट्राची शेती म्हटले की डोळ्यांसमोर काळी, चिकण, कापसाची जमीन उभी राहते. साकोलीला ते चित्र लागू पडत नाही. पश्चिमेकडून पसरत आलेला बेसॉल्टचा थर इथवर पोहोचतच नाही. इथला खडक त्याहून कितीतरी प्राचीन, शिस्ट, फिलाइट आणि क्वार्टझाइट या जातीचा असून भूशास्त्रज्ञांनी त्याला याच गावाचे नाव दिले आहे: 'साकोली समूह'. या खडकांच्या झिजेतून तयार झालेल्या जमिनींची शेतकऱ्याची स्वतःची वर्गवारी आहे. बर्डी, खरडी, सिहार, मोरांड, कन्हार. त्यांपैकी सिहार ही पिवळसर, वाळूमिश्रित जमीन. तिला चहूबाजूंनी धुरे घालून, पाणी अडवून, पिढ्यान्पिढ्यांच्या श्रमाने धानाच्या योग्य केली गेली. जी जमीन उंचावर आहे, जिच्यातून पाणी चटकन झिरपून जाते, ती अधिक हलकी आणि बहुधा अधिक आम्ल असते.

वाळूचा आणि आम्लतेचा संबंध समजून घेणे अवघड नाही. पाणी खाली झिरपताना चुना, मॅग्नेशियम, पालाश ही द्रव्ये आपल्याबरोबर घेऊन जाते. चिकणमाती त्यांना धरून ठेवते. वाळूला ती पकड नसते. ही द्रव्ये निघून गेली की त्यांची जागा हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम घेतात. सामू साडेपाचाच्या खाली उतरला की ॲल्युमिनियम मुळांना विषासारखे बाधू लागते, आणि स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी जखडून जाऊन पिकाच्या हाती लागत नाही. अशा जमिनीत वर्षानुवर्षे नुसते नत्र टाकीत राहिले तर आम्लता वाढतच जाते, कारण अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. अमोनियम सल्फेटने ती अधिक वाढते, युरियाने त्याहून कमी. पण दिशा एकच.

इथे एक चमत्कार आहे, आणि त्यानेच हा प्रश्न इतकी वर्षे झाकून ठेवला. धानाच्या बांधीत पाणी साचून राहिले की काही आठवड्यांत मातीतील प्राणवायू संपतो, लोहाचे क्षपण होते आणि आम्ल जमिनीचा सामू आपोआप उदासीन बिंदूकडे सरकतो. म्हणजे पाणी उभे आहे तोवर जमीन आपला दोष लपविते. बांधी सुकली की आम्लता परत येते. धान कसेबसे निघते; त्यानंतर हरभरा किंवा भाजीपाला घ्यावा तर पीक खुरटते, द्विदल धान्यांच्या मुळांवरील गाठी भरत नाहीत. धानाच्या बांधीत उतेरा म्हणून टाकलेली लाखोळी तेवढी तग धरते. 'आमच्या जमिनीत धानाशिवाय काही होत नाही' हे वाक्य भंडाऱ्यात नशिबाच्या स्वरात उच्चारले जाते. ज्याच्या वाट्याला तलावाचे पाणी आहे त्याच्या बाबतीत तरी ते निसर्गाचे विधान नव्हे. ते जमिनीच्या उपासमारीचे विधान आहे.

यावर चुना हा पाठ्यपुस्तकी उपाय. तो खोटा नाही. वाळूच्या जमिनीला चुना थोडाच लागतो. परंतु त्याच कारणाने तो चटकन जास्तही होतो, आणि जास्त झाला की जस्ताची कमतरता पडते, जी धानपट्ट्यात आधीच आहे. शिवाय चुन्याने सामू सुधारला तरी वाळूला पाणी आणि अन्न धरून ठेवण्याची शक्ती येत नाही. ती शक्ती कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यातून येते. त्यातील ह्यूमस ॲल्युमिनियमला बांधून निरुपद्रवी करतो, स्फुरदाला मोकळे ठेवतो, चुना-पालाशाला धरून ठेवतो आणि ओल टिकवितो. हे केवळ शेणखताच्या भक्तांचे म्हणणे नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सत्तरच्या दशकाच्या आरंभी देशभर दीर्घकालीन खतप्रयोग सुरू केले. त्यांतील रांचीच्या आम्ल तांबड्या जमिनीवरचा प्रयोग प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे. जिथे केवळ नत्र दिले गेले तिथे उत्पादन वर्षागणिक कोसळत गेले. जिथे नत्र-स्फुरद-पालाशाबरोबर शेणखत किंवा चुना दिला गेला तिथे ते टिकून राहिले. साकोलीची माती हुबेहूब रांचीची नाही, आम्लताही सरसकट तितकी नाही. परंतु युरियाच्या रांगेत उभी असलेली शेती कोणत्या वाटेने चालली आहे हे त्या प्रयोगावरून कळते.

आणखी एक गोष्ट कृषी-पत्रकांत क्वचितच सांगितली जाते. उष्ण हवेत, वाळूच्या जमिनीत, नुसते शेणखत फार काळ टिकत नाही. चिकणमातीचे कण सेंद्रिय द्रव्याला आपल्या पोटात घेऊन जिवाणूंपासून राखतात. वाळूत त्याला आसरा नसतो, दोन-तीन हंगामांत ते जळून हवेत जाते. म्हणून सिहार जमिनीला दोन वस्तू एकत्र लागतात: कुजलेला काडीकचरा आणि चिकणमाती. काडीकचरा घरात, गोठ्यात व खळ्यावर आहे. चिकणमाती तलावाच्या तळाशी आहे. साकोलीच्या पूर्वजांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु त्यांनी तलाव आणि बांधी यांची जोडी घातली होती.

गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील कर्त्या माणसांनी या प्रदेशात तलाव खोदले. पुढे मालगुजारांच्या ताब्यात ते राहिले. पूर्व विदर्भातील या तलावांची संख्या सुमारे सात हजार सांगितली जाते. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणे आवश्यकच होते. त्याबद्दल कोणा समाजवाद्याने अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण मालगुजाराच्या दंडुक्याखाली का होईना, उन्हाळ्यात तलाव उपसण्याची, पाळ दुरुस्त करण्याची जी सामूहिक व्यवस्था होती, तिच्या जागी लोकशाहीने दुसरी व्यवस्था उभी केली नाही. तलाव पाटबंधारे खात्याचा आणि जिल्हा परिषदेचा झाला, गावाचा झाला नाही. सरकारी कागदावर त्याचे नाव 'माजी मालगुजारी तलाव'; त्याचे लघुरूप करून लोक त्याला 'मामा तलाव' म्हणतात. गाळ साचत गेला, बेशरमाची झुडपे माजली, पाणी धरण्याची शक्ती घटली. म्हणजे एकीकडे शेताला हवी असलेली चिकणमाती तलावाचा गळा दाबून बसली आहे, आणि दुसरीकडे तिच्याविना शेत भुकेले आहे.

राज्य सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. कल्पना उत्तम, नावही सुटसुटीत. परंतु पहिल्या रूपात गाळ फुकट, वाहतूक मात्र शेतकऱ्याची, असा तिचा हिशोब होता. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याने गाळ नेला. २०२३ मध्ये योजना नव्याने आली तेव्हा लहान शेतकऱ्यांना वाहतुकीसाठी अनुदानाची तरतूद झाली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही दोन प्रश्न उरतातच. तलावाच्या मातीवर वीटभट्टीवाल्यांचा आणि रस्त्याच्या कंत्राटदारांचा डोळा असतो आणि त्यांची यंत्रे शेतकऱ्याच्या बैलगाडीआधी पोहोचतात. आणि अनुदान मागायचे तर सातबारा दाखवावा लागतो. (गाळ काढतानाही तारतम्य हवे. तलावाचा सगळा तळ खरवडून काढला तर माशांच्या वाढीला लागणाऱ्या पाणवनस्पती जातात आणि ढीवर समाजाच्या मच्छीमार संस्था देशोधडीला लागतात. एकाच्या शेताचे भले दुसऱ्याच्या जाळ्याच्या मुळावर येऊ नये.)

आता काडीकचऱ्याचा हिशोब. एका एकरात १२ क्विंटल धान आले असे धरले तर जवळजवळ तितकेच तणस मिळते. भातशेतीच्या संशोधनानुसार एक टन तणसात ५ ते ८ किलो नत्र आणि १२ ते १७ किलो पालाश असते. म्हणजे धानाचे तणस शेतात परत गेले तर पालाशाचा फार मोठा भाग फुकट परत येतो. ते ताजेच नांगरून पाण्याखाली गाडले तर मात्र उलटा परिणाम होतो. कुजणारे जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात, रोप पिवळे पडते, मिथेन वायूही अधिक सुटतो. तणस शेणकाल्याबरोबर आधी खड्ड्यात कुजले पाहिजे. पण तणस हा जनावरांचा चारा आहे, आणि जिथे हार्वेस्टर फिरतो तिथे ते विखुरले जाते व काडी लावून पेटविले जाते.

तुसाची गोष्ट वेगळी. गिरणीत धान भरडले की वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस निघते. पूर्वी शेतकरी आपले धान गावच्या गिरणीतून भरडून आणी तेव्हा तूस त्याच्याबरोबर घरी येई. आता धान खरेदी केंद्रावर जाते, तिथून मोठ्या गिरणीत, आणि तूस उसन्या तांदळाच्या बॉयलरमध्ये जळते. राख गिरणीच्या मागे ढिगाने पडते. ही राख सिलिकाने भरलेली, थोडी अल्कधर्मी, आम्ल जमिनीला उपयोगी पडणारी वस्तू आहे. ती शेताची होती. शेतकऱ्याने धान विकले तेव्हा तूसही दिले. त्याचे मोल मात्र त्याने कधी मागितले नाही आणि कोणी दिलेही नाही.

शेणाचे गणित अधिक कठोर आहे. मध्यम प्रकृतीचे एक जनावर दिवसाकाठी सुमारे १० किलो शेण देते. दोन जनावरांचे वर्षाचे ७ टन झाले. त्यातले निम्मे चराईत आणि गोवऱ्यांत जाते असे समजू. उरलेले कुजून आटते आणि हाती दोन टनांहून कमी खत लागते. शिफारस हेक्टरी १० टनांची, म्हणजे एकराला चार टनांची. दोन जनावरांवर अर्धा एकरसुद्धा नीट पोसला जात नाही. हा ढोबळ हिशोब ध्यानात घेतला की 'एका देशी गाईवर ३० एकर शेती' हा नैसर्गिक शेतीच्या प्रचारकांचा दावा किती पोकळ आहे हे दिसते. शेणाच्या पाण्याने जिवाणूंना चालना मिळत असेल; पण ज्या मातीत जिवाणूंना खायलाच काही नाही तिथे केवळ चालना देऊन काय होणार? नाडेप पद्धतीचे महत्त्व नेमके इथे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी जी पद्धत बसविली तिच्यात शेण अत्यल्प लागते. बहुतेक भाग पालापाचोळा, काडीकचरा आणि माती यांचाच. त्याच्याही आधी, १९३१ साली, इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतीतील टाकाऊ वस्तूंपासून ह्यूमस करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली होती. म्हणजे तंत्र नव्वद वर्षांहून जुने आहे, त्यात मराठी माणसांचा हात आहे, आणि साकोलीत कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र व कृषी विज्ञान केंद्र दोन्ही आहेत. ज्ञानाचा तुटवडा नाही.

मग अडते कुठे?

ज्याला 'कचरा' म्हणतात त्यातील प्रत्येक वस्तूला धनी आहे, आणि ज्या शेतकऱ्याच्या जमिनीला त्याची सर्वाधिक गरज आहे तो त्यांपैकी कशाचाच धनी नाही. गाळ खात्याचा, तूस गिरणीवाल्याचे, पाचोळा वनखात्याचा, ओला कचरा नगर परिषदेचा, शेण गोठा असलेल्याचे. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पुरा केला. जंगलखात्याने शेतकऱ्याची चराई आणि रानाचा आधार हिरावून घेतला ही त्यांची तक्रार होती, आणि डोंगरमाथ्यावरून वाहून येणाऱ्या कुजलेल्या पालापाचोळ्याचे शेताला असलेले मोलही त्यांनी ओळखले होते. त्यानंतर जंगलखात्याचे नाव बदलले, वनहक्काचा कायदा २००६ मध्ये झाला, सामूहिक वनहक्काचे दावे मान्य झाले. तरीही नागझिऱ्याच्या आसपास उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी आणि तेंदूच्या पालवीसाठी जंगलाच्या तळाचा पाचोळा जाळला जातो. एक उपजीविका दुसरीचे अन्न जाळते. दोन्हींची गरज खरी. त्यांची सांगड घालणारी ग्रामसभा मात्र कागदावर.

आणि सर्वांत बिकट प्रश्न बटईदाराचा. शेणखताचा परिणाम एका वर्षात संपत नाही. पहिल्या वर्षी त्याचा थोडाच भाग पिकाला मिळतो, बाकीचा पुढच्या तीन-चार वर्षांत. गाळाचा परिणाम त्याहून लांब. ज्याला जमीन पुढल्या वर्षी मिळेल की नाही याची शाश्वती नाही, त्याने दुसऱ्याच्या शेतात दहा गाड्या खत का टाकावे? त्याने युरियाच टाकावा. त्याचे फळ त्याच हंगामात त्याच्याच खळ्यावर येते. अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर त्याचे हे वागणे शहाणपणाचे आहे. विदर्भासाठीचा कुळकायदा १९५८ मध्ये झाला. त्याने अनेक कुळांना मालक केले, हे त्याचे श्रेय. पण त्यानंतर जमीन कसायला देणे मालकाला धोक्याचे वाटू लागले आणि बटई-ठेक्याचे व्यवहार तोंडी, एकेका सालाचे, पुराव्याविना झाले. ज्या कायद्याने कसणाऱ्याला स्थैर्य द्यायचे त्याच्याच सावलीत कसणारा अधिक अस्थिर झाला. निती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला. त्याचा रोख मालकाच्या सुरक्षिततेकडे अधिक आहे, तरी मुदतीच्या लेखी कराराचे तत्त्व त्यात आहे. अलीकडच्या वर्षांत धानाचा बोनस क्विंटलऐवजी हेक्टरी देण्यात आला. तोही ज्याच्या नावे सातबारा त्याच्याच खात्यात पडतो. खत कसणाऱ्याने टाकायचे, घाम त्याने गाळायचा, आणि मदत उताऱ्यावरील नावाला.

या संदर्भात भंडारा जिल्ह्याला एक ऋण आठवावे लागते. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता भंडाऱ्यातून निवडून आले. त्याच निवडणुकीत राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला. त्या पराभवाच्या जबाबदारीची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर जो निबंध लिहिला, त्याच्याकडे या जिल्ह्यातील समाजवाद्यांनी पुरेसे पाहिले नाही. शेत लहान आहे म्हणून शेती तोट्याची, हे मत त्यांनी त्यात खोडून काढले. धारणक्षेत्र किफायतशीर आहे की नाही हे त्याच्या आकारावर ठरत नाही. त्या जमिनीबरोबर भांडवल, अवजारे आणि श्रम ही इतर साधने किती प्रमाणात जोडली गेली आहेत यावर ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. साकोलीच्या दीड एकराच्या सिहार शेतात सेंद्रिय द्रव्य हेच ते भांडवल आहे. ते पिढ्यान्पिढ्या साठते आणि काही वर्षांत उधळले जाते. ज्याच्याकडे ते जोडण्याचा हक्क नाही त्याचे शेत दहा एकरांचे असते तरी लहानच राहिले असते.

सरकारी पैसा कोणत्या दिशेने वाहतो तेही पाहावे. युरियाच्या गोणीमागे केंद्र सरकार तिच्या विक्रीकिमतीच्या कितीतरी पट खर्च सोसते. २०१० मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांसाठी अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, युरिया त्यातून वगळला गेला. परिणामी नत्र स्वस्त आणि बाकी सर्व महाग झाले. मग सेंद्रिय खताचे काय? जून २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य मंजूर केले, एकूण तरतूद सुमारे १४५१ कोटींची. हे साहाय्य बायोगॅसच्या संयंत्रांतून बाहेर पडणाऱ्या खतासाठी आहे. म्हणजे शेण कारखान्यात गेले, गोणीत भरले, तिच्यावर छाप पडली की सरकारला दिसते. तेच शेण साकोलीच्या बाईने टोपलीतून खड्ड्यात टाकले, पाचोळ्याचे थर दिले, माती लिंपली, तर त्या टनाला दमडी नाही.

टोपली बाईच्या डोक्यावर असते, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवे. गोठा सारवणे, शेण उचलणे, उकिरड्यावर नेणे, आणि वैशाखात खत शेतात पसरणे, यातले बहुतेक काम स्त्रिया करतात; सातबाऱ्यावर मात्र बहुतेकींचे नाव नाही. शेजारच्या छत्तीसगडने २०२० मध्ये हरेलीच्या मुहूर्तावर शेण दोन रुपये किलोने विकत घेण्याची योजना सुरू केली होती. तिच्यात दोष होते, हिशोबांविषयी आरोप झाले, आणि २०२३ अखेर सत्ता बदलल्यावर ती मोडीत निघाली. परंतु शेण वेचणाऱ्या भूमिहीन बाईच्या हातात रोख रक्कम पडू शकते, हे त्या योजनेने एकदा दाखवून दिले. महाराष्ट्राने याच्या उलट वाट धरली. २०१५ मध्ये बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गोवंश घटलाच. म्हातारा बैल विकता येत नाही, त्याला पोसणे परवडत नाही, म्हणून नवा बैल घेतला जात नाही. ट्रॅक्टर येतो आणि गोठा रिकामा होतो. गाईची पूजा करणाऱ्या कायद्याने गोठ्यातील शेण कमी केले.

कचऱ्याला आणखी एक अडसर आहे, तो जातीचा. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून सोनखत करण्याची साधी संडास-पद्धत रूढ करण्याचा प्रयत्न केला आणि सफाईचे काम स्वतःच्या हाताने केले. तिथलीही जांभ्याची जमीन आम्ल, धुपलेली. अप्पासाहेबांना खत हवे होतेच. त्याहून अधिक त्यांना हे काम एका जातीच्या माथ्यावरून उतरवायचे होते. समाजवाद्यांनी त्यांचा आदर केला, अनुकरण फारसे केले नाही. डॉ. लोहियांनी कार्यकर्त्यापुढे मत, फावडे आणि तुरुंग अशी तीन प्रतीके ठेवली होती. त्यांतले मत तेवढे राहिले, तुरुंग कधीमधी, फावडे तर कोपऱ्यातच गंजले.

साकोली-सेंदुरवाफा नगर परिषदेच्या ओल्या कचऱ्याचा विचारही याच अंगाने व्हावा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केले, राज्याने शहरी कंपोस्टला 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव दिले. शहराचा कचरा शेतात जावा, हे तत्त्व योग्य आहे. पण शहराने प्लॅस्टिक, काचा आणि बॅटऱ्यांसह आपला कचरा शेतकऱ्याच्या माथी मारू नये. कॅडमियमसारखे जड धातू आम्ल जमिनीत पिकांकडून अधिक शोषले जातात. म्हणून काळ्या जमिनीत जे एकवेळ खपेल ते सिहारमध्ये खपणार नाही. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने या धातूंच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. तपासणीचा दाखला मागण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे, आणि तो मागितला पाहिजे.

शेतीची सुपीकता सार्वजनिक जमिनीतून आणावी लागते, आणि तिथे व्यवस्था नसेल तर एकाचे शेत पिकते व दुसऱ्याचे रान उजाड होते, हा धडा युरोपने फार पूर्वी घेतला. उत्तर जर्मनी व नेदरलँड्समधील आम्ल, वाळूच्या जमिनीत शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी माळरानाची मुळांसकट काढलेली ढेपळे गोठ्यात अंथरली, शेणमुताने भिजविली आणि शेतात टाकली. शेते उंच आणि काळी झाली. पण ज्या माळरानांवरून ही ढेपळे काढली त्यांतील कित्येक उघडी पडून तिथे वाळू उडू लागली. कार्ल मार्क्सने लीबिगचे शेतीरसायन वाचून १८६७ मध्ये 'भांडवल'च्या पहिल्या खंडात जो विचार मांडला, त्याचा गाभाही हाच होता: अन्न शहरात जाते, त्यातील द्रव्य मातीत परतत नाही, आणि माती व मजूर दोघेही एकाच वेळी पिळले जातात. साकोलीचा तांदूळ नागपुरात खाल्ला जातो. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये व कन्हानमधून वैनगंगेत येते आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जलपर्णी पोसते. द्रव्य परत येते खरे, पण शेतात न येता नदीत विष होऊन येते.

यावरून रासायनिक खत एकदम सोडून द्यावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ च्या वसंतात रासायनिक खताच्या आयातीवर बंदी घातली आणि नोव्हेंबरात ती मागे घेतली. मधल्या काळात भाताचे उत्पादन घसरले आणि भुर्दंड गरिबांना पडला. उपाशी माणसाचा घास काढून त्याला व्यायामाचा सल्ला देण्यासारखे ते होते. सिहार जमिनीत आधी सेंद्रिय कर्ब वाढवावा, तो अर्ध्या टक्क्याच्या वर न्यावा, आणि जसजशी मातीची पकड वाढेल तसतसा युरिया कमी करावा. हे काम पाच-सात वर्षांचे आहे. म्हणूनच ते एका शेतकऱ्याचे नाही.

पक्षाच्या शाखांनी धानाच्या हमीभावासाठी आणि बोनससाठी आंदोलने केली, ती करावीतच. पण त्या मागण्यांच्या यादीत उकिरडा कधी आला नाही. तो आणायचा असेल तर पहिली मागणी बटईदाराची: निदान पाच वर्षांचा लेखी करार, आणि जमीन सोडताना त्याने टाकलेल्या खताची व गाळाची भरपाई. दुसरी, मामा तलावातील गाळावर पहिला हक्क त्याच गावच्या लहान शेतकऱ्याचा, बटईदारासह. नंतर उरला तर रस्त्याचा. तिसरी, घरच्या खड्ड्यातून निघालेल्या खताला कारखान्याच्या खताइतकेच साहाय्य, आणि ते खत करणाऱ्या बाईच्या खात्यात. महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली आणि त्या कामांत नाडेपच्या टाक्यांनाही जागा मिळाली. मात्र टाकी बांधण्याची मजुरी मिळाली, ती भरण्याची नाही. रिकाम्या टाक्या गावोगाव दिसतात त्या यामुळेच.

यातील एक काम मुंबईच्या निर्णयाची वाट न पाहता होण्यासारखे आहे. फाल्गुनात तलाव आटू लागले की प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या तलावात किती गाळ काढण्याजोगा आहे, ढीवर संस्थेला कोणता भाग राखून हवा आहे, आणि गावात सातबारा नसलेले पण जमीन कसणारे कोण आहेत, याची यादी करावी आणि ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून ठरावात घालावी. कसणाऱ्यांची नावे एकदा ग्रामसभेच्या वहीत चढली की पुढच्या मागणीला पुरावा होतो. जमीनमालकांचा विरोध होईल तो याच नावांना होईल, गाळाला नव्हे. हे सारे अक्षय्य तृतीयेच्या आत उरकले पाहिजे. एकदा मृग बरसला की तलावात गाडी उतरत नाही आणि बांधीत चाक फिरत नाही.